मात्स्यन्यायाला अपवाद

राज्यशास्त्रावर लिहिणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी अराजकाचे वर्णन करण्यासाठी एक समर्पक शब्द योजिला आहे. तो शब्द म्हणजे मात्स्यन्याय. दंड धारण करणारा कोणी नसेल, तर प्रबळ दुर्बळाला गिळून टाकील, जसा पाण्यातील मोठा मासा लहान माशाला गिळतो, असा त्याचा आशय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द येतो, महाभारताच्या शांतिपर्वातही हीच उपमा आढळते. ही उपमा ज्यांनी प्रथम योजिली, त्यांनी नदीच्या काठावर किंवा तळ्याच्या पाळीवर उभे राहून माशांचा व्यवहार पाहिला असावा. काठावरून जेवढे दिसते तेवढ्यापुरती ती यथार्थही आहे. परंतु समुद्राच्या उबदार आणि नितळ पाण्यात, प्रवाळांच्या रांगांवर, दिवसातून शेकडो वेळा असा एक व्यवहार घडत असतो की, तो या न्यायात मुळीच बसत नाही.

लक्षद्वीपच्या बेटांभोवती पसरलेल्या एखाद्या प्रवाळभित्तीवर दोन-अडीच फूट लांबीचा गोब्रा येतो. कोकणच्या बाजारात ज्याला हेकरू असेही म्हणतात, तोच हा रुंद जबड्याचा, लहान माशांवर जगणारा शिकारी. तो एका ठरावीक खडकापाशी येऊन स्तब्ध उभा राहतो, तोंड उघडतो आणि कल्ल्यांवरची झाकणे पसरतो. खडकाच्या कपारीतून बोटाएवढा एक निळसर मासा बाहेर येतो. त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असून तो मागे मागे रुंद होत गेलेला असतो. हा चिमुकला मासा प्रथम गोब्र्याच्या अंगावरून फिरतो, खवले तपासतो आणि मग खुशाल त्या उघड्या तोंडात शिरतो. जबड्याच्या आत काही वेळ वावरून तो कधी आला त्या वाटेने, तर कधी कल्ल्यांच्या फटीतून बाहेर पडतो. गोब्र्याला निघायचे असले म्हणजे तो अंगाला एक हिसका देतो किंवा तोंड किंचित मिटून पुन्हा उघडतो. ही खूण कळताच लहान मासा बाहेर येतो आणि मोठा आपल्या वाटेने निघून जातो. एका घासाची शिकार आपल्या पायांनी तोंडात चालत आली असता शिकाऱ्याने ती सोडून द्यावी, हे कसे घडते? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात प्राणिशास्त्रज्ञांची काही दशके गेली, आणि ते उत्तर मोठे बोधप्रद आहे.

या लहान माशाचे शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस असे आहे. मराठीत त्याला रूढ नाव नाही. त्याच्या उद्योगावरून त्याला सफाई मासा म्हणणे सोयीचे होईल. तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत त्याचा प्रसार आहे. लांबी बहुधा चार इंचांच्या आतबाहेर. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी जंतू वेचून खाणे हाच त्याचा चरितार्थ होय. गाईम्हशींच्या पाठीवर बसून गोचिडी टिपणारा बगळा किंवा कावळा ज्याने पाहिला आहे, त्याला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. मगरीच्या उघड्या जबड्यातील जळवा वेचणाऱ्या पक्ष्याची हकिगत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेविली आहे. मात्र म्हैस बगळ्याकडे मुद्दाम जात नाही. येथे तर मोठमोठे मासे वाट वाकडी करून सफाई माशाच्या ठाण्यावर येतात, आणि गर्दी असली तर वाट पाहत थांबतात. कित्येक मासे डोके खाली किंवा वर करून तिरके उभे राहतात, तर काही आपला रंगही पालटतात. न्हाव्याच्या दुकानात पाट मिळण्याची वाट पाहत बसलेल्या गिऱ्हाइकांचे चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना या दृश्याचे वर्णन अधिक करावयास नको.

आता ही सेवा इतकी मोलाची का, हे समजण्यासाठी माशाला कोणता त्रास असतो ते पाहिले पाहिजे. जमिनीवरच्या जनावराला अंग खाजले तर ते झाडाला घासता येते, शेपटीने माशी हाकता येते. माशाला हात नाहीत, नखे नाहीत आणि मान वळवून पाठ पाहण्याची सोय नाही. उलट पाणी हे परोपजीवी जंतूंना एका शरीरावरून दुसऱ्या शरीरावर नेणारे उत्तम वाहन आहे. चपटे कृमी कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतात. कवचधारी वर्गातील सूक्ष्म प्राणी खवल्यांच्या कडेला दडी मारतात. कोकणच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या स्त्रियांना हलव्याच्या तोंडात कधी कधी एक फिकट, अनेक पायांचा किडा जिभेला धरून बसलेला आढळतो. तोही याच वर्गातला, समपाद कुळातला होय.

प्रवाळभित्तीवर ज्यांचा उपद्रव सर्वांत अधिक, ते नॅथिड नावाचे जंतू याच समपाद कुळातले असून त्यांची राहणी विचित्र आहे. त्यांच्या अळ्या रक्तावर जगतात. एकेक अळी तळाच्या वाळूतून वर येते, माशाला चिकटते, पोटभर रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि पुन्हा नवा मासा शोधते. असे तीन वेळा घडले की, तिची वाढ पुरी होते, आणि प्रौढपणी तर हा प्राणी काही खातच नाही. आपल्याकडील ढेकूण आणि डास यांच्या सवयींचे जणू मिश्रणच! मोठ्या माशाला एका अळीने फारसे काही होत नाही. पण खुल्या समुद्रातून नुकत्याच प्रवाळावर वस्तीला आलेल्या, नखाएवढ्या पिल्लाला एक अळी चिकटली तरी त्याचा प्राण जाऊ शकतो. पोपट मासे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या काही जाती रात्री झोपण्यापूर्वी आपल्या अंगाभोवती चिकट द्रवाची पातळ पिशवी तयार करून तीत निजतात. ही पिशवी फाडून टाकली असता त्यांच्यावर रक्त पिणाऱ्या अळ्यांचा हल्ला कितीतरी वाढतो, असे प्रयोगांती आढळले आहे. म्हणजे ती त्यांची मच्छरदाणीच म्हणावयाची. रात्री मच्छरदाणी आणि दिवसा सफाई मासा, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास पाण्याखाली श्वास घेण्याची साधने सुटसुटीत झाल्यानंतरच सुरू झाला. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ इरेनेउस आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी १९५५ साली माशांच्या या परस्परसंबंधांवर लिहिले, आणि पुढे १९५७-५८ मध्ये हान्स हास यांच्या झरीफा या जहाजावरील मोहिमेत त्यांना हिंदी महासागरातील प्रवाळ प्रत्यक्ष न्याहाळता आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ हे निष्णात पाणबुडे होते. त्यांनी बहामा बेटांजवळ एकाच ठाण्यावर सहा तासांत तीनशेपर्यंत मासे सफाईसाठी येऊन गेलेले मोजले. पुढे त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. दोन लहान, सुट्या प्रवाळखडकांवरून त्यांनी सफाई करणारे सर्व ज्ञात प्राणी काढून टाकले. थोड्याच दिवसांत तेथील मासे कमी होऊ लागले. दोन आठवड्यांत आपली हद्द न सोडणारे तेवढे मासे मागे उरले, आणि त्यांच्याही अंगावर पांढरे चट्टे, सूज आणि व्रण दिसू लागले. लिंबॉ १९६० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका जलमग्न गुहेत मरण पावले. त्यांचा लेख पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

परंतु एका प्रयोगावर विज्ञान विसंबून राहत नाही. हवाई बेटांत इतरांनी तशाच स्वरूपाचे प्रयोग करून पाहिले, तेव्हा सफाई मासे काढून टाकल्यानंतरही बाकीचे मासे होते तेथेच राहिले. १९७२ साली जॉर्ज लोझी यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांतही असा ठळक परिणाम दिसला नाही. मग शंका घेणारे पुढे आले. हे मासे खरोखर कोणाचे भले करतात, की अंग गोंजारून घेण्याच्या सुखाला भुललेल्या गिऱ्हाइकांच्या जीवावर आपले पोट तेवढे भरतात? सफाई मासा हाच एक लबाड परोपजीवी तर नव्हे? ही शंका निराधार नव्हती, कारण सफाई मासा जंतूंबरोबर गिऱ्हाइकाच्या कातडीवरील चिकट द्रवाचा आणि खवल्यांचाही घास घेतो, हे त्याच्या पोटातील अन्नावरून सिद्धच झाले होते.

या वादाचा निर्णय लागण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिझर्ड बेटापाशी लेक्सा ग्रटर या संशोधिकेने चिकाटीने मोजमाप केले. एक सफाई मासा दिवसाकाठी सरासरी २,२९७ वेळा माशांची तपासणी करतो आणि सुमारे १,२१८ जंतू खातो, असे तिला आढळले. त्यानंतर तिने काही मासे पिंजऱ्यांत ठेविले. काही पिंजरे सफाई मासा असलेल्या खडकांवर होते, तर काही तो नसलेल्या खडकांवर. अवघ्या बारा तासांत दोहोंमधील माशांच्या अंगावरील जंतूंच्या संख्येत साडेचार पटींचा फरक पडला. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. सफाई मासा खरोखर सफाई करतो, एवढी गोष्ट निर्विवाद झाली.

तरी त्यामुळे भित्तीवरील जीवनात काही फरक पडतो काय, हा प्रश्न शिल्लक होता. त्यासाठी लिझर्ड बेटाजवळच्या काही लहान खडकांवरून सफाई मासे वारंवार काढून टाकण्यात आले आणि शेजारचे खडक तुलनेसाठी तसेच ठेविले. पहिल्या काही महिन्यांत विशेष काही दिसले नाही. दीड वर्षानंतर मात्र एका खडकावरून दुसऱ्या खडकावर हिंडणाऱ्या माशांच्या जाती निम्म्यावर आणि त्यांची संख्या चतुर्थांशावर आलेली दिसली. प्रयोग तसाच साडेआठ वर्षे चालू ठेविला, तेव्हा खडक न सोडणाऱ्या माशांवरही परिणाम झालेला आढळला. त्यांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जाती २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. ही माहिती २०११ साली प्रसिद्ध झाली. लिंबॉ यांचे निदान खरे ठरले होते. त्यांच्यानंतरच्या काही प्रयोगकर्त्यांचे चुकले ते एवढेच की, त्यांनी पुरेसा काळ वाट पाहिली नाही. काटकसरीच्या नावाखाली एखाद्या कचेरीतील सर्वांत लहान पद रद्द करावे, पहिल्या वर्षी कामात काही अडत नाही म्हणून समाधान मानावे, आणि आठ वर्षांनी सारे दफ्तर विस्कटलेले दिसावे, तसा हा प्रकार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गिऱ्हाईक सफाई माशाला का गिळत नाही आणि सफाई मासा गिऱ्हाइकाला का फसवीत नाही? यातील दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण सफाई माशाला जंतूंपेक्षा कातडीवरील चिकट द्रवच अधिक आवडतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. त्या द्रवासाठी त्याने चावा घेतला की, गिऱ्हाईक दचकते आणि त्याचे अंग झटक्याने थरकते. पाहणाऱ्याला लबाडी ओळखण्याची ही अचूक खूण. मग आवडीचा घास समोर असताना त्याला प्रामाणिक राहण्यास भाग पाडते कोण? या पाण्यात तर कोणी राजा नाही आणि कोणाच्या हाती दंडही नाही.

इजिप्तच्या रास मोहम्मद येथील प्रवाळांवर रेदुआन बशारी यांनी आणि पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लाविला. त्यांच्या निरीक्षणानुसार गिऱ्हाइकांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शिकारी माशांचा. त्यांना सफाई मासा क्वचितच चावतो आणि त्याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरा वर्ग लांबवर हिंडणाऱ्या माशांचा. त्यांच्या वाटेवर दोन-तीन ठाणी असतात. एका ठिकाणी चावा बसला किंवा फार वेळ ताटकळावे लागले तर ते दुसरे दुकान पाहतात, म्हणून सफाई मासा त्यांना आधी घेतो. तिसरा वर्ग एका जागी राहणाऱ्या लहान माशांचा. त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नाही, म्हणून त्यांना थांबावे लागते. मात्र फसवणूक झाली की, ते सफाई माशाच्या मागे लागून त्याला पळवून लावतात, आणि अशा पाठलागानंतर पुढच्या भेटीत त्याचे वर्तन सुधारलेले दिसते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाट पाहत उभे असलेले गिऱ्हाईक आधीच्या गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते हे पाहत असते, आणि अंग थरकलेले दिसले तर पुढे येत नाही. प्रेक्षक असताना सफाई मासा अधिक सचोटीने वागतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. लोकलज्जा नावाची शक्ती माणसांतच काम करते असे नव्हे.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट मोठ्या चातुर्याने पडताळून पाहण्यात आली. पारदर्शक पट्टीवर दोन प्रकारचे खाद्य ठेविले. एक साधा, बेचव चुरा आणि दुसरी आवडती कोळंबी. कोळंबी खाल्ली रे खाल्ली की, पट्टी उचलून घ्यावयाची. थोड्याच अवधीत मासा आधी चुरा खाण्यास शिकला. नर आणि मादी जोडीने काम करीत असता मादीने कोळंबीला तोंड लाविले आणि पट्टी निघून गेली, तर नर तिचा पाठलाग करतो, आणि त्यानंतर ती अधिक संयमाने वागते, असेही २०१० साली दाखवून देण्यात आले. नराला गिऱ्हाइकाचा कैवार येतो असे मात्र समजू नये. मादीच्या लोभाने त्याचेही जेवण गेले, हे त्याच्या रागाचे कारण. स्वार्थातून न्याय निपजतो, तो असा.

या माशाचा संसारही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक नर आणि तीन ते सहा माद्या असे त्याचे कुटुंब असते. नर मेला तर बाहेरून दुसरा नर यावयाची गरज पडत नाही. माद्यांतील सर्वांत मोठी मादी काही तासांतच नराप्रमाणे वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे शरीरही पूर्णपणे नराचे होते. रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ साली ही गोष्ट प्रथम नोंदविली. ठाणे चालू ठेवण्याची ही व्यवस्था पाहिली म्हणजे पिढीजात वतनाची आठवण होते.

जेथे विश्वासाची पेढी चालते तेथे तोतयाही उपजतो. सफाई माशासारखाच निळसर रंग, तसाच काळा पट्टा आणि तशीच नाचत पुढे येण्याची लकब असलेला एक वेगळ्याच कुळातील मासा प्रवाळांवर आढळतो. अननुभवी मासा त्याला सफाई मासा समजून स्वस्थ उभा राहिला की, हा तोतया त्याच्या परांचा लचका तोडून पळ काढतो. वयस्क मासे बहुधा त्याला ओळखतात, फसतात ती पोरे. तोतयांची संख्या खऱ्या सफाई माशांच्या मानाने थोडी असते म्हणूनच हा धंदा चालतो. ती वाढली तर निळ्या अंगावरचा आणि काळ्या पट्ट्यावरचा साऱ्यांचाच विश्वास उडेल, आणि त्यात तोतयाचेही दिवाळे निघेल.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मैदानी मुलखाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. परंतु हाच प्रश्न तेथे वेगळ्या रूपाने उभा राहतो. लखनौच्या दक्षिणेस सरोजिनी नगरचा भाग पसरलेला आहे. अवधच्या इतर भागांप्रमाणे तेथील गावांच्या तलावांतही रोहू, कतला आणि मृगळ हे मासे वाढविले जातात. उत्तर प्रदेशात गावसभेचे असे तलाव मासेमारीसाठी पट्ट्याने देण्याची वहिवाट आहे. तलावातील माशांना आर्गुलस नावाचा परोपजीवी जंतू लागतो. मत्स्यपालक त्याला माशांच्या उवा म्हणतात. मासे तळाशी किंवा काठाशी अंग घासू लागतात, त्यांची वाढ खुंटते, जखमांत दुसरे रोग शिरतात आणि पट्टेदाराच्या पदरी नुकसान येते. तलावात सफाई मासा नाही, म्हणून ते काम माणसाला करावे लागते. ही ऊ आपली अंडी पाण्यातील कठीण वस्तूंवर घालते. म्हणून बांबू किंवा फळ्या पाण्यात रोवून ठेवाव्या, अंडी बसली की त्या बाहेर काढून उन्हात वाळवाव्या, हा साधा उपाय आहे. तलावात मासे दाटीने सोडू नयेत, हे पथ्य त्याहून महत्त्वाचे. दाटी झाली की, परोपजीवी जंतूंचे फावते, हा नियम तलावाला आणि शहरालाही सारखाच लागू आहे.

नॉर्वेने याच प्रश्नावर समुद्राकडून धडा घेतला. तेथे समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सामन मासे वाढवितात आणि त्यांना उवांचा मोठा उपद्रव होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून थंड पाण्यातील सफाई करणारे मासे त्या पिंजऱ्यांत सोडण्याचा प्रघात पडला. औषधांचा वापर त्यामुळे कमी करता आला, पण पिंजऱ्यात कोंडलेले हे सेवक फार मोठ्या संख्येने मरतात, आणि ही पद्धत कितपत न्याय्य, असा प्रश्न तेथे आता विचारला जात आहे. प्रवाळावर राजीखुशीने चालणारा व्यवहार बंदिवासात जसाच्या तसा उतरत नाही.

लखनौचा प्रवाळांशी आणखीही एक संबंध आहे. १९८३ साली अलाहाबाद येथे स्थापन होऊन पुढे लखनौस आलेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो हा देशातील माशांच्या जातींची नोंद ठेवतो आणि जलचरांच्या रोगांवरील देशव्यापी पाहणीच्या कामाचे संयोजन करतो. याच संस्थेने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबीची पैदास करण्याचे काम हाती घेतले आणि बेटावरील स्त्रियांना त्याचे शिक्षण दिले. प्रवाळांवरील कोळंबीच्या काही जाती सफाई माशाप्रमाणेच माशांच्या अंगावरील जंतू टिपतात. काचेच्या हौदांचा शौक जगभर वाढल्यामुळे अशा कोळंबीला आणि सफाई माशालाही मोठी मागणी असते. परंतु हौदात हजारो गिऱ्हाइके कोठून येणार? सफाई मासा तेथे बहुधा उपासमारीने मरतो. एका ठाण्यावरील जोडी जाळ्यात सापडली तर हौदाचा तोटा किरकोळ असतो, खडकाचा मात्र मोठा असतो, हे साडेआठ वर्षांच्या त्या प्रयोगाने सांगितलेच आहे. समुद्रातून उचलण्याऐवजी पैदास करून पुरवठा करण्याच्या खटपटीला म्हणूनच महत्त्व आहे.

महाराष्ट्राचा किनारा प्रवाळांसाठी प्रसिद्ध नाही. नद्यांचा गाळ आणि पावसाळ्यातील गढूळ पाणी त्यांना मानवत नाही. तरीही मालवणजवळ, शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ केला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे जलमग्न पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरांवर असून, किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यामुळे तेथील पाणी स्वच्छ आणि प्रवाळ संपन्न आहेत. प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले आहे. तेव्हा पोवळ्याचा जिवंत खडक तोडणे हा गुन्हा होय.

परंतु समुद्राच्या पाण्याचे तापमान कायद्याला जुमानीत नाही. पाणी फार तापले की, प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरविणारी सूक्ष्म शेवाळे बाहेर पडतात, प्रवाळ पांढरा पडतो, आणि उष्मा लवकर ओसरला नाही तर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले, आणि २०२४ साली पुन्हा घडले. लिझर्ड बेटावर २०१४ आणि २०१५ ची चक्रीवादळे व २०१६ चा उष्मा यांनंतर बशारींच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली. सफाई माशांची संख्या इतर माशांपेक्षाही अधिक प्रमाणात घटली होती, हे अपेक्षेबाहेरचे नव्हते. अपेक्षेबाहेरचे होते ते त्यांचे वर्तन. हिंडणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी घ्यावे, कोणी पाहत असताना सचोटीने वागावे, ही जी हुशारी पूर्वीच्या माशांनी दाखविली होती, ती मागे उरलेल्या माशांत पुष्कळशी लोपलेली आढळली. गिऱ्हाइकांची वर्दळ असेल, दुसऱ्या दुकानाची स्पर्धा असेल आणि कोणी पाहत असेल, तरच ही विद्या उपयोगी पडते. वस्ती विरळ झाली की, तिचे कारणच उरत नाही.

प्रवाळ मरतो तेव्हा केवळ खडक मरत नाही, हे या निरीक्षणावरून स्पष्ट होते. खडकाच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या चालत आलेली देवघेव आणि तिच्यामुळे टिकून असलेली सचोटी यांनाही ओहोटी लागते. खडक पुन्हा वाढू शकतो. पाणी निवळले आणि थंड राहिले तर दहा-पंधरा वर्षांत प्रवाळ बरेचसे सावरतात. पण ठाणे पुन्हा बसण्यासाठी सफाई माशाची जोडी लागते, आणि तिच्याकडे निर्धास्तपणे येणारी गिऱ्हाइकेही लागतात. म्हणून प्रवाळांच्या रक्षणाचा विचार करताना केवळ त्यांचे क्षेत्रफळ मोजून भागणार नाही. मालवणला येणाऱ्या नौकांनी प्रवाळावर नांगर टाकू नये, लक्षद्वीपच्या पाण्यातून शोभेसाठी मासे उचलताना ठाण्यावरची जोडी सोडावी, आणि आंग्रियासारख्या ठिकाणी मासेमारीची जाळी तळ खरवडून काढणार नाहीत असा बंदोबस्त व्हावा, या गोष्टी साध्या आहेत आणि माणसाच्या हातातल्या आहेत.

मोठा मासा लहानाला गिळतो, हे प्राचीनांचे निरीक्षण आजही खरेच आहे. सफाईच्या ठाण्यावरून निघालेला गोब्रा दहा हातांवर जाऊन दुसऱ्या एखाद्या माशाला गिळीत असतो. त्याची वृत्ती पालटलेली नसते. त्या एका जागेपुरता त्याला हे उमगलेले असते की, एका घासापेक्षा रोजची सेवा मोलाची आहे.